आतड्याचा आजार, मनावर ठपका

गारखेड्यातल्या विभागीय क्रीडा संकुलात सकाळी फिरायला येणाऱ्यांत वैद्यकीय सल्लागारांची वानवा नाही. कुणाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याला सूज आणि शौचातून रक्त, आहे असं कळलं की निदान ठरलेलं: "टेन्शन फार घेता तुम्ही. मन शांत ठेवा, पोट आपोआप ताळ्यावर येईल." उपचारातल्या स्टिरॉइडने त्याच माणसाचा चेहरा सुजला की हेच लोक "तब्येत सुधारली की!" म्हणतात.

आजाराचं मूळ मनात असल्याचं मत अगदीच निराधार नाही. चरकाने अतिसाराच्या सहा प्रकारांत भयज आणि शोकज, म्हणजे भीतीतून आणि शोकातून होणारे, हे दोन सांगितले आहेत. शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडरने १९५० च्या ग्रंथात कोलायटिसला मनोकायिक आजारांत बसवलं; पेप्टिक अल्सरही त्याच पंगतीत होता.

पण चरक पुरता वाचावा. भयज-शोकजाला तो हर्षण आणि आश्वासन सांगतो. रक्तातिसाराचं मूळ मात्र पित्तात शोधतो आणि त्यावर शेळीचं दूध देतो. परीक्षेआधीची धावपळ आणि शौचातलं रक्त यांत त्याने गल्लत केली नाही. ती आपण करतो. अल्सरमागे तर जंतू निघाला आणि मार्शल-वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. कोलायटिसवरचे १३८ अभ्यास कॅरोल नॉर्थ आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तपासले, तेव्हा अभ्यास जितका काटेकोर तितका मानसिक कारणाचा पुरावा विरळ, असं दिसलं. जपानच्या शिंझो आबेंनी २००७ मध्ये पंतप्रधानपद सोडलं ते याच आजारामुळे. पुढे नवं औषध लागू पडलं आणि २०१२ पासून त्यांनी तेच पद साडेसात वर्षांहून अधिक सांभाळलं. २०२० मध्ये आजार उसळला तेव्हा उतरले. मधल्या काळात पंतप्रधानाचं टेन्शन काही कमी झालं नव्हतं.

मन खचलं तर आजार उसळण्याचा संभव वाढतो, हे दाखवणारे अभ्यास आहेत. ते नाकारायचं कारण नाही. पण उलटा प्रवाहही तितकाच जोरदार. या रुग्णांत साधारण तिघांत एकाला चिंतेची, चौघांत एकाला नैराश्याची लक्षणं आढळतात, आणि आजार जागा असताना जास्त. मानसोपचाराने जगणं सुसह्य होतं. आतड्याची सूज त्याने उतरते असा भक्कम पुरावा नाही. तेव्हा समुपदेशक जरूर गाठावा, गोळ्या चालू ठेवून.

बरं, हे नैराश्य येतं कुठून? इथे नळाला पाणी काही दिवसांआड. ड्रममधलं पाणी सगळ्या घराने मोजूनमापून वापरायचं, आणि एकट्या रुग्णाला दिवसातून दहादा बादली लागते. रुग्ण घरची सून असेल तर ती बोलत नाही, जेवण टाळते. सूतगिरणी चौकात रिक्षात बसण्याआधी वाटेत संडास कुठे सापडेल याचा ज्याला अंदाज बांधावा लागतो, त्याला 'मन रमवा' सांगणाऱ्या दुकानदाराने आधी आपल्या दुकानामागच्या संडासाचं कुलूप काढावं.