स्नोबोर्डिंग आणि आंतरराष्ट्रीय क्रीडासंघटना यांच्यातील वाद

स्नोबोर्डिंग हा एकाच रुंद फळीवर दोन्ही पाय आडवे बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा क्रीडाप्रकार आहे. या खेळाचे नियम, स्पर्धा आणि ऑलिंपिक पात्रता यांवर कोणाचा अधिकार असावा, याविषयी स्नोबोर्डपटूंच्या स्वतंत्र संघटना आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघ यांच्यात १९९० च्या दशकात वाद सुरू झाला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जपानमधील नागानो येथील १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगचा समावेश केला आणि त्याचा कारभार स्की महासंघाकडे सोपवला. त्यामुळे हा वाद तीव्र झाला. स्नोबोर्डपटूंची स्वतःची जागतिक संघटना २००२ मध्ये बंद पडली. मात्र पात्रता, गुणांकन, प्रायोजकत्व आणि खेळाडूंची सुरक्षितता या प्रश्नांवरील मतभेद त्यानंतरही कायम राहिले.

पार्श्वभूमी

आधुनिक स्नोबोर्डिंगचा उगम अमेरिकेत झाला. मिशिगन राज्यातील मस्कीगन येथे शर्मन पॉपेन यांनी १९६५ च्या नाताळात आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक खेळणे तयार केले. 'हिम' आणि 'लाटांवरील स्वार' या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द जोडून त्याला 'स्नर्फर' हे नाव देण्यात आले. पुढे १९७० च्या दशकात युटा राज्यात दिमित्री मिलोविच, व्हरमाँटमध्ये जेक बर्टन कारपेंटर आणि कॅलिफोर्नियात टॉम सिम्स यांनी फळीची रचना सुधारली. कारपेंटर यांनी १९७७ मध्ये 'बर्टन' ही कंपनी स्थापन केली. सिम्स हे मूळचे स्केटबोर्डपटू होते.

या खेळाची जडणघडण स्कीइंगच्या परंपरेबाहेर, लाटांवरील सर्फिंग आणि रस्त्यांवरील स्केटबोर्डिंग यांच्या प्रभावाखाली झाली. वेग किंवा अंतर यांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक महत्त्व शैलीला मिळाले. एखादी उडी कोणी अधिक डौलाने मारली, फळी कशी धरली, नवी करामत कोणी प्रथम केली, यांवर खेळाडूची प्रतिष्ठा ठरत असे. हा लौकिक स्पर्धांमधून तसाच चित्रफिती आणि मासिके यांमधूनही मिळे. त्यामुळे एकाही मोठ्या स्पर्धेत भाग न घेता केवळ चित्रीकरणावर उपजीविका करणारे व्यावसायिक स्नोबोर्डपटूही निर्माण झाले.

प्रारंभी बहुतेक स्की केंद्रांनी स्नोबोर्डपटूंना प्रवेश नाकारला. अपघात आणि विम्याची जबाबदारी ही कारणे पुढे केली जात. त्यासोबत नव्या तरुण वर्गाच्या पेहरावाविषयी आणि वर्तनाविषयी नाराजीही होती. १९८० च्या दशकात व्हरमाँटमधील स्ट्रॅटनसारख्या केंद्रांनी आपले उतार त्यांना खुले केले आणि हळूहळू बंदी उठत गेली. युटामधील आल्टा व डिअर व्हॅली आणि व्हरमाँटमधील मॅड रिव्हर ग्लेन या तीन अमेरिकन केंद्रांनी मात्र ती एकविसाव्या शतकातही कायम ठेवली. आल्टा येथील बंदीविरुद्ध २०१४ मध्ये दाखल झालेला दावा न्यायालयाने फेटाळला आणि अपिलातही तो निर्णय टिकला. ज्यांनी उतारांवर येऊ दिले नाही, त्याच स्की जगताकडे पुढे खेळाचा कारभार गेला, ही भावना नंतरच्या वादात वारंवार व्यक्त झाली.

स्नोबोर्डपटूंच्या स्पर्धा आणि संघटना

स्नोबोर्डिंगला संघटित स्पर्धांचे वावडे नव्हते. व्हरमाँटमधील सुइसाइड सिक्स येथे १९८२ मध्ये राष्ट्रीय स्वरूपाची स्पर्धा झाली. तीच पुढे १९८५ पासून स्ट्रॅटन येथे 'यूएस ओपन' या नावाने नावारूपाला आली. टॉम सिम्स यांनी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील सोडा स्प्रिंग्ज येथे भरवलेल्या स्पर्धेत हाफपाइपचा समावेश होता. हाफपाइप म्हणजे बर्फात कोरलेला अर्धनळीच्या आकाराचा चर. त्याच्या दोन्ही कडांवरून उसळून खेळाडू हवेत गिरक्या आणि कोलांट्या घेतात.

१९९० च्या सुमारास स्नोबोर्डपटू आणि या व्यवसायातील मंडळींनी आंतरराष्ट्रीय स्नोबोर्ड महासंघ, म्हणजेच आयएसएफ, ही संघटना उभारली. तिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९३ मध्ये ऑस्ट्रियातील इश्गल येथे झाली. हाफपाइपमधील अजिंक्यपद १९९३, १९९५ आणि १९९७ असे तीन वेळा नॉर्वेच्या तेर्ये होकोनसेनने मिळवले. ऑलिंपिकचा प्रश्न पुढे आला तेव्हा या खेळाकडे स्वतःचे नियम, परीक्षक आणि जागतिक विजेते होते.

स्की महासंघाचा प्रवेश

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची स्थापना १९२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे झाली. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून ही संस्था 'फिस' या नावाने ओळखली जाते. फिसने १९९४ मध्ये स्नोबोर्डिंगला आपल्या क्रीडाप्रकारांत स्थान दिले, १९९४-९५ च्या हंगामापासून विश्वचषक मालिका सुरू केली आणि १९९६ मध्ये ऑस्ट्रियातील लिएन्झ येथे आपली पहिली स्नोबोर्ड जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. परिणामी एकाच खेळात दोन जागतिक संघटना, दोन क्रमवाऱ्या आणि दोन जगज्जेतेपदे अस्तित्वात आली.

ऑलिंपिक व्यवस्थेत प्रत्येक खेळाचा कारभार ऑलिंपिक समितीने मान्यता दिलेल्या एका आंतरराष्ट्रीय महासंघाकडे असतो. फिसला ही मान्यता पूर्वीपासून होती. स्नोबोर्डिंग हा स्कीइंगचा उपप्रकार मानल्यास नव्या महासंघाला मान्यता देण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. ऑलिंपिक समितीने हाच मार्ग स्वीकारला आणि आयएसएफ बाजूला पडली. ऑलिंपिकमध्ये खेळू इच्छिणाऱ्या स्नोबोर्डपटूला फिसच्या स्पर्धांत उतरणे आणि आपल्या देशाच्या स्की संघटनेमार्फत निवडले जाणे अपरिहार्य ठरले.

नागानो १९९८

नागानो ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिलांसाठी हाफपाइप आणि जायंट स्लालम अशा एकूण चार स्पर्धा झाल्या. जायंट स्लालम ही फाटकांमधून वळणे घेत कमीत कमी वेळात उतार पार करण्याची शर्यत असून तिचा आराखडा स्कीइंगमधून आलेला आहे.

त्या काळातील सर्वश्रेष्ठ हाफपाइपपटू मानल्या जाणाऱ्या होकोनसेनने ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. स्नोबोर्डपटूंनी उभारलेल्या संघटनेला डावलून खेळ स्की महासंघाच्या हाती देणे त्याला मान्य नव्हते. ऑलिंपिक समितीच्या व्यापारी धोरणांवर आणि कार्यपद्धतीवरही त्याने कठोर टीका केली. हाफपाइपची सुवर्णपदके स्वित्झर्लंडचा जियान सिमेन आणि जर्मनीची निकोला टोस्ट यांनी जिंकली.

पुरुषांच्या जायंट स्लालममध्ये कॅनडाचा रॉस रेबाग्लियाती हा स्नोबोर्डिंगमधील पहिला ऑलिंपिक विजेता ठरला. त्यानंतरच्या चाचणीत त्याच्या शरीरात गांजातील घटकाचा अंश आढळला. हे प्रमाण प्रति मिलिलिटर १७.८ नॅनोग्रॅम होते, तर फिसची मर्यादा १५ नॅनोग्रॅम होती. एका मेजवानीत इतरांनी ओढलेल्या गांजाचा धूर आपल्या शरीरात गेला, असे त्याचे म्हणणे होते. ऑलिंपिक समितीने त्याचे पदक काढून घेतले. परंतु क्रीडा लवाद न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी हा निर्णय रद्द केला. गांजाच्या चाचणीबाबत ऑलिंपिक समिती आणि फिस यांच्यात आवश्यक तो करार झालेला नसल्याने शिक्षेला नियमांचा आधार नाही, असे लवादाने ठरवले. या प्रकरणामुळे स्नोबोर्डपटूंची 'बेशिस्त' प्रतिमा जगभर चर्चेत आली. त्याच वेळी, शिस्तीचा आग्रह धरणाऱ्या संस्थांचे स्वतःचे नियमच अपुरे होते, हेही उघड झाले.

आयएसएफचा अंत आणि पर्यायी स्पर्धा

ऑलिंपिकचा मार्ग फिसकडून जात असल्याने राष्ट्रीय संघटना, खेळाडू आणि प्रायोजक क्रमाने तिकडे वळले. आर्थिक अडचणीत सापडलेली आयएसएफ २००२ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी स्वतंत्र स्पर्धांच्या आयोजकांनी 'तिकीट टू राइड' ही जागतिक मालिका सुरू केली. विविध देशांतील स्नोबोर्ड संघटनांना एकत्र आणण्यासाठी जागतिक स्नोबोर्ड महासंघ ही संस्थाही स्थापन झाली. होकोनसेन आणि त्याचा देशबांधव डॅनियल फ्रांक यांनी नॉर्वेमध्ये 'आर्क्टिक चॅलेंज' ही स्पर्धा सुरू केली. खेळाडूंच्या कल्पनेप्रमाणे स्पर्धेची आखणी करणे हा तिचा उद्देश होता. २००७ मध्ये ऑस्लो येथे झालेल्या याच स्पर्धेत होकोनसेनने बर्फाच्या कडेपासून ९.८ मीटर उंच उसळी घेऊन विक्रम नोंदवला.

अमेरिकेत १९९७ पासून भरणाऱ्या हिवाळी 'एक्स गेम्स'लाही मोठी प्रतिष्ठा लाभली. निमंत्रितांच्या या स्पर्धेमागे दूरचित्रवाणी वाहिनीचे आर्थिक बळ होते. महासंघाच्या नियंत्रणाबाहेर राहिलेला खेळ व्यापारी हितसंबंधांपासूनही मुक्त होता, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

वादाचे प्रमुख मुद्दे

पात्रता: ऑलिंपिकमध्ये प्रवेश फिसच्या गुणांवर आणि प्रत्येक देशाच्या कोट्यावर अवलंबून असतो. एका देशाचे एका स्पर्धेत जास्तीत जास्त चार खेळाडू उतरू शकतात. त्यामुळे अमेरिका किंवा जपानसारख्या देशांतील काही अव्वल खेळाडू बाहेर राहतात. स्वतंत्र स्पर्धांतील निकाल पात्रतेसाठी ग्राह्य नसल्याने खेळाडूंना दोन वेळापत्रकांची कसरत करावी लागते. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये स्लोपस्टाइल या प्रकाराचा समावेश झाला. उतारावरील कठडे आणि उड्यांचे चढ यांवर करामती करण्याचा हा प्रकार स्वतंत्र स्पर्धांमध्येच वाढला होता, तरी त्याची पात्रताही फिसकडेच राहिली.

शैली आणि गुणांकन: गिरक्यांची संख्या मोजता येते, शैली मोजता येत नाही. गुणांकनामुळे सर्वांच्या करामती एकसारख्या होत जातात, अशी जुन्या खेळाडूंची तक्रार आहे. याच्या विरुद्ध उदाहरण सोची येथे दिसले. अधिक गिरक्या घेणाऱ्या स्पर्धकांना मागे टाकून अमेरिकेच्या सेज कॉट्सेनबर्गने फळी धरण्याच्या स्वतःच्या अनोख्या पद्धतीच्या बळावर स्लोपस्टाइलचे सुवर्ण जिंकले. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या मॅक्स पॅरोने एका उडीत फळीऐवजी गुडघा धरल्याचे परीक्षकांच्या नजरेतून सुटले. ही चूक नंतर मान्य करण्यात आली, तरी त्याचे सुवर्णपदक कायम राहिले.

शैली आणि निकाल यांच्यातील ताण २००६ च्या तुरीन ऑलिंपिकमध्येही दिसून आला. चौघींच्या स्नोबोर्ड क्रॉस शर्यतीत अमेरिकेची लिंडसी जेकोबेलिस खूप पुढे होती. शेवटाजवळच्या उडीत तिने शोभेसाठी फळी धरली आणि ती पडली. सुवर्णपदक स्वित्झर्लंडच्या तान्या फ्रीडेनला मिळाले. क्रीडासमीक्षकांनी या कृतीला उतावळेपणा म्हटले, तर अनेक स्नोबोर्डपटूंना ती खेळाच्या स्वभावाला धरून वाटली. जेकोबेलिसने १६ वर्षांनंतर बीजिंगमध्ये याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले.

प्रायोजकत्व आणि गणवेश: स्नोबोर्डपटूंचे उत्पन्न प्रामुख्याने साहित्य आणि कपडे बनवणाऱ्या कंपन्यांकडून येते. ऑलिंपिकमध्ये राष्ट्रीय गणवेश बंधनकारक असतो आणि वैयक्तिक प्रायोजकांच्या जाहिरातींवर निर्बंध असतात. येथे काही प्रमाणात तडजोड झाली. २००६ पासून अमेरिकेच्या स्नोबोर्ड संघाचे गणवेश बर्टन कंपनीने तयार केले. २०१० मध्ये चौकडीचे जाकीट आणि जीन्ससारखी दिसणारी जलरोधक विजार असा त्यांचा वेश होता.

सुरक्षितता: सोची येथे सरावादरम्यान नॉर्वेच्या तोर्स्टाइन होर्गमोचे गळ्याजवळचे हाड मोडले. आयोजकांनी मार्गात बदल केले, तरी अमेरिकेच्या शॉन व्हाइटने धोका लक्षात घेऊन स्लोपस्टाइलमधून माघार घेतली. २०१८ मध्ये प्यॉंगचांग येथे जोरदार वाऱ्यामुळे महिलांच्या स्लोपस्टाइलची पात्रता फेरी रद्द झाली, पण अंतिम फेरी तशाच वाऱ्यात घेण्यात आली. त्यात बहुतेक स्पर्धक पडल्या. खेळाडूंनी या निर्णयावर टीका केली. फिसने त्याचे समर्थन केले. प्रक्षेपणाचे वेळापत्रक सांभाळताना धोका कोणी पत्करायचा आणि तो ठरवण्यात खेळाडूंचा शब्द किती असावा, हा या वादातील सर्वांत गंभीर प्रश्न मानला जातो.

फिसच्या बाजूचे युक्तिवाद

महासंघाच्या समर्थकांच्या मते, उत्तेजक द्रव्यांची चाचणी, सर्व देशांना लागू असलेले समान नियम आणि खुली पात्रता या गोष्टी निमंत्रितांच्या स्पर्धांत मिळत नाहीत. ऑलिंपिक दर्जामुळे अनेक देशांत सरकारी अनुदान आणि प्रशिक्षण उपलब्ध झाले. महिलांना पहिल्या ऑलिंपिकपासून पुरुषांइतक्याच स्पर्धा मिळाल्या. नागानोतील चार स्पर्धांची संख्या बीजिंगमध्ये ११ झाली. व्हाइटने २००६, २०१० आणि २०१८ मध्ये हाफपाइपचे सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिक आणि स्वतंत्र स्पर्धा या दोन्ही ठिकाणी यशस्वी झालेल्या नव्या पिढीला बहिष्काराची भूमिका फारशी जवळची वाटली नाही.

अलीकडील घडामोडी

फिसने २०२२ मध्ये आपले नाव बदलून आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघ असे केले, परंतु जुनी आद्याक्षरे कायम ठेवली. त्याच वर्षी 'फ्रीराइड वर्ल्ड टूर' ही नैसर्गिक उतारांवरील स्पर्धामालिकाही फिसच्या छत्राखाली आली. दुसरीकडे, व्हाइटने स्थापन केलेल्या 'स्नो लीग' या व्यावसायिक मालिकेची पहिली स्पर्धा मार्च २०२५ मध्ये ॲस्पेन येथे झाली.

असाच पेच इतर खेळांतही उद्भवला आहे. स्केटबोर्डिंगचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश होताना त्याची संघटना २०१७ मध्ये रोलर खेळांच्या महासंघात विलीन करण्यात आली. पार्कूरवर जिम्नॅस्टिक्स महासंघाने सांगितलेल्या अधिकारालाही खेळाडूंच्या संघटनांनी विरोध केला.