गल्ली नंबर आणि गाडी

धुळ्यात पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. ही सरळ आखणी कॅप्टन ब्रिग्जच्या काळातली. 1818 मध्ये पेशवाई संपली, खानदेशचं ठाणं धुळ्यात आलं. ब्रिग्जने व्यापारी बोलावले, घरांसाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, बांधकामाला उचलही दिली. बाजार यावा म्हणून सरकार जमीन देत होतं.

आज उलटं आहे. 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार दुकान बांधणाऱ्यानेच पार्किंगची जागा सोडायची. नव्या वसाहतीत हे जमतं. जुन्या पेठेतल्या चिंचोळ्या प्लॉटवर गाड्यांना जागा सोडली, तर दुकानाला काय उरणार? मग जुनी इमारत तशीच राहते आणि मोटारसायकली गल्लीत लागतात. बिनभाड्याची जागा आजही मिळते आहे. फक्त माणसाऐवजी गाडीला.