शब्दवेध : वाघीण

मैसूरच्या सरस्वतीपुरमजवळ चामराजपुरम स्थानक आहे. नंजनगूड-चामराजनगरकडे जाणारा, पूर्वी मीटरगेज असलेला फाटा तिथूनच जातो. अशा फाट्यावरून मालगाडी गेली, की मराठी माणूस डबे मोजत नाही, वाघिणी मोजतो.

या वाघिणीचा वाघाशी काही संबंध नाही. डचांकडून इंग्रजीत आलेला ‘वॅगन’ मराठी जिभेवर ‘वाघीण’ झाला, स्त्रीलिंगी झाला आणि ‘कोळशाच्या वाघिणी’ असा वर्तमानपत्रांतही रुळला. मला याहून मोठा आनंद त्याच्या मुळाचा वाटतो. ‘वॅगन’चा मूळ धातू आणि संस्कृत ‘वह्’ एकाच कुळातले. म्हणजे वाघीण ही ‘वाहना’ची सख्खी चुलत बहीण!

शेवटच्या ब्रेक व्हॅनमधली ‘व्हॅन’ मात्र फारसी ‘कारवान’चे शेपूट. आपण तिला सरळ ‘गार्डाचा डबा’ म्हणतो. सलग ब्रेक नसलेल्या जुन्या मालगाडीत उतारावर जोड तुटला, तर मागे सुटलेल्या वाघिणी गार्ड हातब्रेकने रोखून धरी. कारखान्याच्या सायडिंगमध्ये इंजिन गाडी मागे ढकलते, तेव्हा हाच डबा पुढे असतो आणि चालकाला इशारे तिथून मिळतात. जानेवारी २०२२ पासून गार्डाचे अधिकृत पदनाम ‘ट्रेन मॅनेजर’ झाले. डबा बोलण्यात अजून गार्डाचाच आहे, आणि तो तसाच राहावा असे मला मनापासून वाटते.