दिव्याच्या आधी कान होता

गेल्या उन्हाळ्यात हदगावहून नांदेडला निघालो होतो. शेजारी मामा, मागे आई. तिची डॉक्टरांची वेळ ठरलेली. वारंगा फाट्याच्या अलीकडे डॅशबोर्डवर दात्यांच्या चाकाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला. गाडी तर नीट पळत होती. मी म्हणालो, "नांदेडला गेल्यावर बघू."

"आधी बाजूला घे," मामा म्हणाले.

मामांनी वर्षानुवर्षं भाड्याची फियाट चालवली. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी ही गाडी १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत, डॅशबोर्डवर दिवे मोजकेच. गिअरबॉक्सचं दुखणं कळायचं ते खरखरीतून, क्लच जळाल्याच्या वासातून, नाहीतर सकाळी गाडीखाली दिसणाऱ्या तेलाच्या डागातून.

गाडीनं आपलं दुखणं आपणच सांगावं, हा नियम आला लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. कॅलिफोर्नियानं १९८८ च्या मॉडेलपासून तो लावला, १९९६ पासून तो अमेरिकाभर झाला. आपल्याकडेही पुढे तशी यंत्रणा सक्तीची झाली. हेतू धूर रोखण्याचा होता. पण सेन्सर आणि संगणक गाडीत शिरले, तसे ते गिअरबॉक्सवरही लक्ष ठेवू लागले.

२०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर 'एएमटी' छोट्या गाडीत आलं. यात आतला गिअरबॉक्स साध्या गाडीसारखाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. माझी गाडी त्याच जातीची. मामांचा डावा पाय आणि डावा हात जे ओळखायचे, ते माझ्यापर्यंत पोचतच नाही. माझ्याकडे आहे तो फक्त दिवा.

गाडी कडेला घेतली. न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद. वीस मिनिटांनी पुन्हा चालू केली, तर गिअरच पडेना. हेच ट्रकला ओव्हरटेक करताना झालं असतं तर, हा विचार मला तेव्हा सुचला.

आईला एसटीत बसवलं. ती वेळेत पोचली. क्रेनवाला आल्यावर मामांनी त्याला बजावलं, "आत कोणता गिअर अडकलाय माहीत नाही. पुढची चाकं उचलूनच ने बाबा."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्या वेळी गाडी कुरकुरायची. तुझी डोळे वटारते. थांबायचं मात्र आपल्यालाच असतंय."