साडेबारा टक्क्यांचा हिशोब

वसई-दिवा लाईनवर जूचंद्र नावाचं एक स्टेशन आहे. रांगोळीकारांसाठी प्रसिद्ध असलेलं आगरी वस्तीचं हे गाव. तिथून दिव्याला जाऊन पुढे पनवेलकडे वळलात की जो भाग लागतो, तिथल्या आगरी-कोळी घरांत एक नाव देव्हाऱ्याइतक्याच आदराने घेतात.. दि. बा. पाटील. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे नाव कळलं ते विमानतळाच्या वादामुळे. म्हणून म्हटलं, या वीकेंडला जरा मागे जाऊन बघूया.

दिनकर बाळू पाटील यांचा जन्म १९२६ सालचा, उरण तालुक्यातल्या जासई गावचा. घर शेतकऱ्याचं. पुढे ते वकील झाले, शेतकरी कामगार पक्षात गेले आणि १९५७ मध्ये पनवेलमधून विधानसभेवर निवडून आले. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. १९७२ नंतर विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते.

खरी लढाई मात्र १९७० नंतरची. सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. पैसे हातात आले तरी ते किती दिवस पुरणार? शेती सोडून दुसरं काही येत नसलेल्या माणसाने मग करायचं काय?

जानेवारी १९८४ मध्ये हा प्रश्न रस्त्यावर आला. १६ आणि १७ तारखेला जासई आणि न्हावा-शेवा परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले.

त्यातून पुढे जे तत्त्व मान्य झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. शेतकऱ्याला नुसती भरपाई नाही, तर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. म्हणजे शहर वाढलं की जमिनीची किंमत वाढणार, आणि त्या वाढीत मूळ मालकाचाही वाटा राहणार. आपल्या भाषेत सांगायचं तर पगार नाही, स्टॉक ऑप्शन!

आता जरा आकडेमोड. एक एकर म्हणजे ४० गुंठे. साडेबारा टक्क्यांनी झाले ५ गुंठे. त्यातले ३० टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातात, म्हणजे हातात साडेतीन. चाळीस गुंठ्यांचे साडेतीन गुंठे! आणि एवढ्यासाठीही पाच जीव गेले. शिवाय भूखंड मिळायला लागलेली वर्षं वेगळीच. तोवर कित्येकांनी आपला हक्क बिल्डरला विकूनही टाकला होता.

दि. बा. २४ जून २०१३ ला गेले. २०२१ मध्ये विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून हजारो लोक मानवी साखळी करून उभे राहिले. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचं उद्घाटनही झालं.

वसई-विरारमध्येही आता शेतांच्या जागी टॉवर उभे राहतायत. आपण फ्लॅट बुक करताना कार्पेट एरिया विचारतो, पार्किंग विचारतो. तिथे आधी कोण पिकवत होतं आणि त्याला काय मिळालं, हे मात्र कोणी विचारत नाही. दि. बां.नी तो प्रश्न विचारला, आणि उत्तर मिळेपर्यंत सोडला नाही.