करारभंग हा गुन्हा नव्हे : बाबासाहेबांचा १९३८ चा युक्तिवाद

कायद्याच्या अभ्यासक्रमात आपली मुले १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १४ पाठ करतात. बळजबरी, अनुचित प्रभाव, फसवणूक, खोटी माहिती किंवा चूक यांतून मिळालेली संमती मुक्त नसते. पेपर सुटतो, गुणही मिळतात. पण उपाशी माणसाची संमती मुक्त असते का? हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे.

हा कायदा आला तेव्हा १८५९ चा १३ क्रमांकाचा कायदा लागू होताच. उचल घेतलेल्या कामगाराने काम सोडले, की मालक थेट मॅजिस्ट्रेटकडे जाई. उचल फेड किंवा काम पुरे कर, असा हुकूम निघे. तो मोडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. व्यापाऱ्याने करार मोडला तर नुकसानभरपाई, मजुराने मोडला तर तुरुंग! हा कायदा रद्द करायला १९२५ साल उजाडले.

१९३८ मध्ये मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक विवाद विधेयक आणले. त्यात काही संप बेकायदा आणि शिक्षापात्र ठरत होते. १९३५ पासून शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळलेल्या बाबासाहेबांनी १५ सप्टेंबरला विधानसभेत त्याची चिरफाड केली. त्यांचा मुद्दा करार कायद्याच्या मुळाशी जाणारा होता. संप म्हणजे फार तर नोकरीच्या कराराचा भंग. तो दिवाणी विषय आहे, गुन्हा नाही. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपण्यासाठी शिक्षेची भीती घातली, तर ती गुलामगिरीच होते. ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. विधेयक तरीही मंजूर झाले, पण युक्तिवाद मेला नाही.

पुढे संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरी आहे, कारण गरिबीची सक्ती ही सक्तीच असते.

आज ऊसतोडीचा कोयता मुकादमाच्या उचलीला बांधलेला आहे, गटार साफ करणारा भाऊ ठेकेदाराच्या कागदाला. ते अंगठे कुणाचे, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मित्रांनो, कलम १४ पाठ कराच, पण ते कलम २३ च्या शेजारी ठेवून वाचा. आपल्या वस्तीला असा वकील हवा आहे.

जय भीम!