ठिगळाचा पत्रा

माझे मामू गाडी तपासायला घेत तेव्हा आधी तिच्याभोवती एक फेरी मारत. हातात हातोडी उलटी धरलेली. दांड्याच्या टोकानं दाराखाली, मडगार्डच्या काठाला, डिकीच्या तळाला टक्‌ टक्‌ करत जायचे. पत्रा शाबूत असेल तिथं आवाज खणखणीत यायचा. रंग चकचकीत दिसत असला, तरी आतून पत्रा खाल्ला गेला असेल तिथं आवाज बद्द यायचा. गाडीचा मालक बिचारा रंगाकडं बघत असे आणि मामू कान देऊन ऐकत असत. आम्हा पोरांना ते घरच्या दखनीत सांगायचे, "पैले सुन, बाद में ठोक."

सोलापुरात त्यांची शेड होती. काम मात्र ते तरुणपणी मुंबईत, कुर्ल्याच्या गॅरेजांत शिकले होते. आज जुन्या मोटारींबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. कोणत्या महाराजांनी कोणती गाडी मागवली, तिचं इंजिन किती ताकदीचं, लिलावात तिला किती बोली लागली, सगळं सापडतं. ती गाडी ऐंशी-नव्वद वर्षं ज्या कातडीत उभी आहे, त्या कातडीबद्दल आणि ती शिवणाऱ्या हातांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आज इंजिन बाजूला ठेवून पत्र्याबद्दल बोलू या.

पहिली गोष्ट म्हणजे, सुरुवातीच्या मोटारी पत्र्याच्या नव्हत्याच. त्या होत्या लाकडाच्या. घोडागाडी बनवणाऱ्या कारागिरांनीच त्या बनवल्या, त्यामुळे आत लाकडी सांगाडा आणि वरून खिळ्यांनी ठोकलेला पत्रा अशी ती रचना होती. १९२८ मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. तिथून त्या काळात ज्या शेवरोले बाहेर पडल्या, त्यांच्या पत्र्याखालीही लाकूडच होतं. बंद गाड्यांच्या छपराचा मधला भाग तर कापडाचा असे, त्यावर पाणी न झिरपण्यासाठी लेप दिलेला. अखंड छप्पर दाबून काढता येईल एवढा रुंद, सारख्या जाडीचा पत्रा तेव्हा सहजी मिळत नव्हता. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या ॲशलँड या गावी १९२३च्या सुमारास रुंद पत्र्याची सलग पट्टी लाटणारी गिरणी सुरू झाली, तेव्हा ही अडचण सुटायला लागली. तरी जनरल मोटर्सच्या गाडीला संपूर्ण पोलादी छप्पर यायला १९३५ साल उजाडलं.

लाकडाला फाटा देण्याचं धाडस त्याआधी एडवर्ड बड या फिलाडेल्फियाच्या माणसानं केलं होतं. १९१२ मध्ये त्यानं कंपनी काढली. दोन वर्षांनी डॉज बंधूंनी आपल्या नव्या गाडीसाठी त्याच्याकडून पूर्ण पोलादी बॉड्या घेतल्या. पत्र्याचे भाग साच्यात दाबायचे आणि विजेच्या वेल्डिंगनं एकमेकांना जोडायचे, ही त्याची रीत. पुढं फ्रान्समध्ये सिट्रोएननं तीच १९२४ मध्ये उचलली. युरोपातल्या गाडी बांधणाऱ्या सुतारांच्या पोटावर पाय आला तो असा.

यानंतरचा बदल दुरुस्तीवाल्यांच्या दृष्टीनं आणखी मोठा. जुन्या गाडीला खाली चासी असे, जाड पोलादी तुळयांची. बॉडी तिच्यावर बसवलेली. बॉडी कुजली तरी गाडी उभी राही. मग गाड्या बिनचासीच्या झाल्या. पत्र्याचीच पेटी, आणि सगळा भार त्या पेटीवर. इटलीत १९५३ मध्ये निघालेली फियाट ११०० अशीच होती. पुढच्याच वर्षापासून ती आपल्याकडं, मुंबईत, बनू लागली.

इथं आमच्या गावचा संबंध येतो. वालचंद हिराचंद सोलापूरचे, १८८२चा जन्म. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज आणि प्लिमथ, मग फियाट ५००, मग ही ११००. सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी असं समीकरण बसलं. त्याआधी, १९५३ मध्ये, टॅरिफ कमिशननं सुचवलं होतं की ज्या कंपन्या इथं गाडी खरोखर बनवायला तयार असतील त्यांनीच थांबावं. शिवडीचा कारखाना त्यानंतर बंद पडला. म्हणजे शिवडीतून निघालेल्या हजारो गाड्या रस्त्यावर, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारं घर मिटलेलं. बाहेरून मागवायचं तर आयातीचा परवाना.

आपला डेंटर घडला तो या टंचाईत, असं माझं मत आहे. अमेरिकेत मडगार्ड चेपलं तर जुनं काढून नवं बसवत. आपल्याकडं नवं नव्हतंच. म्हणून तेच मडगार्ड ठोकून सरळ करायचं, कुजलं तर कुजलेला भाग कापून तिथं ठिगळ लावायचं, आणि दहा वर्षांनी पुन्हा. परिस्थितीनं शिकवलेली विद्या. तिला कॉलेज नव्हतं, पुस्तक नव्हतं, आणि शिकवणाऱ्याचं नावही कुठं नोंदलं गेलं नाही.

गंजाचं म्हणाल तर तो आतून येतो. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात आणि मीठ मिळालं की काम झपाट्यानं होतं. मुंबईत तिन्ही फुकट. शिवाय गंजाला लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून रंगाखाली फोड येतात. फोड दिसला म्हणजे आतला कारभार बराच पुढं गेला असं समजावं. फियाटच्या दाराखाली जो पेटीसारखा बंद भाग असतो, त्यात पाणी जायला वाटा अनेक. बाहेर पडायला बारीक भोकं, आणि ती चिखलानं बुजलेली. वर्षानुवर्षं ओल धरून तो भाग कुजतो. आणि बिनचासीच्या गाडीत हाच भाग तिचा कणा असतो. आता कारखान्यात अख्खी बॉडी विजेच्या भाराखाली रंगाच्या हौदात बुडवतात, म्हणजे कानाकोपऱ्यात रंग पोचतो. ही रीत १९६०च्या दशकात सुरू झाली. जुन्या गाड्यांच्या नशिबी ती नव्हती.

हा कणा बदलायचा तर मामू आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी गज वेल्ड करून घेत. नवशिका माणूस उत्साहानं कुजका भाग कापून मोकळा होतो, गाडी मधोमध बसते, आणि मग दारं जन्मात लागत नाहीत. गज लावले की छिन्नी घ्यायची. कापायचं ते चांगला पत्रा लागेपर्यंत. गंज दिसतो त्याच्यापुढं चार बोटं तरी तो पोचलेला असतो. तिथं हात आखडला की वेल्डिंगची आच लागताच पातळ पत्र्याला भोक पडतं, ते बुजवायला गेलं की शेजारी दुसरं. मग वर्तमानपत्राचा कागद लावून माप घ्यायचं, त्याच जाडीचा पत्रा कापायचा. वीस गेज, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. जाड लावला तर मजबूत होईल असं गिऱ्हाइकाला वाटतं, पण जाड आणि पातळ पत्र्याला एकाच आचेत जोडणं कठीण. जाड तापतो तोवर पातळ वितळून गेलेला असतो.

टाके मारताना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरळ जायचं नाही. एक टाका इथं, दुसरा समोरच्या बाजूला, तिसरा मध्ये. प्रत्येक वेळी थांबायचं, निवू द्यायचं. सलग वेल्डिंग केलं की पत्रा तापून ताणतो, निवताना आखडतो आणि पापडासारखा वाकडा होतो. मामूंच्या शेडमध्ये तेव्हा कार्बाइडच्या टाकीतून गॅस निघायचा. त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे.

ठोकण्याचंही शास्त्र आहे. आतून डॉली धरायची, म्हणजे मुठीत मावणारा पोलादी ठोकळा, आणि बाहेरून हातोडी. फार ठोकलं की पत्रा पातळ होऊन पसरतो, मग तो बोटानं दाबला की आत जातो, सोडला की टप्‌कन बाहेर येतो. अशा वेळी रुपयाएवढी जागा लाल होईपर्यंत तापवायची, भोवतीनं हलकं ठोकायचं आणि ओलं फडकं लावायचं. पसरलेला पत्रा आकसतो. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करतात, ते कधी पाहिलं असेल तर पटकन लक्षात येईल. ठोक्यानं धातू कडक होतो आणि आचेनं मऊ. दोन्ही कारागिरांना हे ठाऊक असतं. तांबट तो ठोका मिरवतो, डेंटरला तो पुसून टाकावा लागतो, एवढाच फरक.

उरलेला उंचसखलपणा भरायला जुन्या काळी शिसं आणि कथील वापरत. सत्तर भाग शिसं, तीस भाग कथील. या मिश्रणाची गंमत अशी की ते एकदम वितळत नाही. १८३ अंशांपासून २५५ अंशांपर्यंत ते लोण्यासारखं राहतं, आणि तेवढ्या वेळात तेल लावलेल्या लाकडी पट्टीनं ते पसरायचं. आधी पत्र्याला कथलाचा पातळ हात द्यायचा. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात त्याचाच हा चुलतभाऊ. शिशाचा थर पत्र्याला धातूनं धातू चिकटतो, पाणी मध्ये शिरत नाही. पण शिसं विषारी. ते कानशीनं उतरवायचं, धूळ उडू द्यायची नाही, हे नियम आज सांगितले जातात. तेव्हा तोंडाला रुमालही नसायचा.

मग आली लांबी. डब्यातली पॉलिएस्टरची लुकण, त्यात जरासा हार्डनर मिसळला की वीस मिनिटांत दगड. अमेरिकेत १९५०च्या दशकात ती निघाली, आपल्याकडं उशिरा पोचली. पातळ हात दिला तर चांगली वस्तू आहे, तिला नावं ठेवणार नाही. पण तिनं आळशाची सोय केली. हे मी अनुभवानं सांगतो.

१९८६ची गोष्ट. मी सोळा वर्षांचा, कॉलेजच्या सुट्टीत शेडवर. एका निवृत्त शिक्षकांची फियाट आली होती. आयुष्यभराची शिल्लक मोडून घेतलेली, तीही जुनी. दाराखाली मूठ जाईल एवढं भोक. मामू दोन दिवस बाहेरगावी गेलेले. मी भोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वरून लांबी फासली, घासली, रंग मारला. काम असं देखणं झालं की गुरुजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मामूंनी परत आल्यावर विचारलं, ठिगळ लावलंस ना? मी हो म्हणालो.

दोन पावसाळ्यांनी गाडी परत आली. लांबी पाणी पिते आणि धरून ठेवते, त्यामुळं भोक आता हातभर झालेलं. दार उघडलं की गाडी कुरकुरायची. मामूंनी काही न बोलता छिन्नी माझ्या हातात दिली. वरची खपली निघाली आणि आतून कागदाचे ओले लगदे पडू लागले. एका तुकड्यावरचा मथळा अजून वाचता येत होता. गुरुजी शेजारी स्टुलावर बसून बघत होते. त्यांनी रागावायला हवं होतं. ते एवढंच म्हणाले, "अरे, यात नातवंडांना बसवून तुळजापूरला जाऊन आलो की मी." नवं काम मामूंनी फुकट केलं. मी पुढं बी. ए. झालो, कविता लिहू लागलो, पण वाक्य चांगलं दिसतंय म्हणून आतलं भोक झाकायचा मोह झाला की तो लगदा आठवतो.

आता अलीकडचं. मुंबईत टॅक्सीच्या वयाची मर्यादा २०१३ मध्ये वीस वर्षांवर आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्याआधी, २०२१ मध्ये, केंद्र सरकारनं जुन्या खासगी गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी म्हणजे व्हिंटेज. पहिल्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. इंग्लंडातले जाणकार १९३० नंतरच्या गाडीला व्हिंटेज म्हणत नाहीत, पण आपल्या नियमानं १९७४ची पद्मिनीसुद्धा आता त्या पंगतीला बसते. टॅक्सी म्हणून जिला भंगारात जावं लागलं, तिची घरगुती बहीण मानाची झाली.

पण या नियमात एक अट आहे. चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. फेरबदल नको हे मलाही मान्य आहे. छप्पर कापून उघडी गाडी करणारे हौशी लोक आहेतच. पण पन्नास पावसाळे काढलेल्या गाडीत ठिगळच नसेल, असं कसं होईल? अट वाचून मालक घाबरतात. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ डेंटरला सांगत होते, जोड कुठं दिसता कामा नये, कागदात आणि पत्र्यातही. मला हे बरोबर वाटत नाही. मापात मापाचा, जाडीत जाडीचा पत्रा लावणं ही डागडुजी आहे, आणि ती लपवण्यासारखी गोष्ट नाही. जुन्या वाहनांची 'फिवा' ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या २०१२च्या ट्युरिन सनदेत म्हटलं आहे की दुरुस्तीत बदललेल्या भागांवर कायमची खूण करून ठेवावी, म्हणजे मूळ कोणतं आणि नवं कोणतं हे पुढच्यांना कळेल.

मामूंनी ट्युरिनचं नावही ऐकलं नव्हतं. पण ठिगळ बसवण्याआधी ते त्याच्या आतल्या बाजूला खिळ्यानं ठोकून साल उमटवत. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, उद्या शेजारचा पत्रा कुजला आणि गिऱ्हाईक भांडायला आलं, तर माझं कुठवर होतं ते दाखवायला नको का?

गुरुजींच्या गाडीत त्यांनी तो पत्रा लावला, तेव्हा साल मला ठोकायला सांगितलं होतं. १९८८. शेवटचा आठ जरा वाकडा आला.